आठळीने लेंड्या टाकल्या का?

रविवार

बी-२०३ · रात्री ८:४२
सगळ्यांना एक विचारायचं होतं. आमची आठळी (लेकीची गिनी पिग, लिफ्टमध्ये बऱ्याच जणांनी पाहिलीय) सकाळपासून काही खात नाहीये. रोज फ्रिजचं दार वाजलं की शिट्ट्या मारून घर डोक्यावर घेते. आज कोथिंबिरीची काडी नाकाशी धरली तरी तोंड फिरवते. अंग फुगवून, पाठ वर काढून कोपऱ्यात बसलीय. एरवी पिंजऱ्यात लेंड्यांचा सडा असतो, आज दिवसभरात मोजून ७. त्याही तांदळाच्या दाण्याएवढ्या, कोरड्या. दोन ठिकाणी फोन केला. एक रविवार म्हणून बंद, दुसरे म्हणाले आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. कोणाच्या माहितीत डॉक्टर आहेत का?

सी-१०२ · ८:४५
अगं, पोट बिघडलं असेल. या दमट हवेत आपलंही बिघडतं. आज काही देऊच नकोस, एक दिवस लंघन झालं की आपोआप मोकळं होईल. आणि बेंबीभोवती हिंग लाव, लहान बाळाला लावतो तसा.

ए-३०१ · ८:४६
ताई, आमच्याकडे मुलाचं अँटिबायोटिक सिरप अर्धी बाटली उरलंय, अमॉक्सिसिलिनचं. पाठवून देऊ? लहान मुलांचंच आहे, सौम्य असतं.

बी-१०४ · ८:४७
ते सिरप देऊ नका. हातात घेतलं असेल तर खाली ठेवा. २०३, मी फोन करतोय, उचल.

बी-१०४ · ९:१५
फोनवर बोललो तेच इथे लिहितो, कारण डी विंगमध्ये दोन घरांत ससे आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो, आयुष्य गाई-म्हशी आणि शेळ्यांत गेलं. गिनी पिग माझ्यासमोर फार आले नाहीत. पण पोटाची रचना माहीत आहे. गाय चारा आधी आंबवते, मग पचवते. घोडा, ससा आणि गिनी पिग यांचं उलटं असतं. आधी पचवतात, आणि उरलेला चोथा मागे, लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तिथल्या भल्यामोठ्या पिशवीत आंबवतात. म्हणजे आठळीचं पोट शेळीपेक्षा घोड्याच्या जवळचं आहे. ही सगळी यंत्रणा पुढून सतत येणाऱ्या चाऱ्यावर चालते. गवत यायचं थांबलं की आतलं सगळं जागच्या जागी सुकतं, वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून ती खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. ओकून मोकळं होण्याची सोयही तिला नाही, तिला ओकताच येत नाही.

म्हणून १०२ वहिनी, रागावू नका, पण लंघन हा आपला उपाय तिच्यासाठी आजारच आहे. कुत्रा एक दिवस जेवला नाही तर आपण वाट बघू शकतो. हिने १२ तास तोंडात काही घेतलं नसेल तर ती तातडीची वेळ समजायची. हिंगही नको, अंगाला लावलेलं सगळं ती चाटते.

सिरपचं आणखी गंभीर आहे. पेनिसिलिनच्या कुळातलं औषध तोंडावाटे गेलं तर त्या पिशवीतले कामाचे जिवाणू मरतात आणि विष करणारे क्लॉस्ट्रिडियम माजतात. माणसाच्या बाळाला जे सौम्य, त्याने हे जनावर दगावतं. गिनी पिगला चालणारी अँटिबायोटिक्स वेगळी आहेत, ती डॉक्टरांनीच ठरवायची.

ए-३०१ · ९:१८
अरे देवा. काका, मी खरंच चांगल्या मनाने विचारलं होतं. बाटली टाकूनच देते.

बी-१०४ · ९:१९
माहीत आहे गं. विचारलंस म्हणून तर वाचली. न विचारता दिलं असतंस तर?

बी-२०३ · ९:३१
काकांनी सांगितलं तसं पोट हाताने बघितलं. फुगलंय, पण मऊ आहे, मळलेल्या कणकेसारखं. ढोलासारखं ताठ लागलं असतं तर काहीही न भरवता याच क्षणी निघायचं, असं ते म्हणाले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं. सोमवारी ९१० ग्रॅम होती, आज ८४५. माझे हात थरथरतायत.

ए-१०१ आजी · ९:३४
गो बाय, घाबरा नको. तेका उबेत ठेव. आमच्या शेळयेचा पोट फुगला काय आजो तिका आंगणात चालवत ठेवी, बसाक देय नसे.

बी-१०४ · ९:३६
आजी बरोबर बोलतायत. टॉवेलवर सोड, ४-५ मिनिटं हळूहळू चालू दे. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याच्या एकाच बाजूला ठेव, म्हणजे नको झाली तर तिला दूर जाता येईल. कोल्हापूरला एक डॉक्टर ससे, गिनी पिग, पक्षी बघतात. जुन्या सहकाऱ्याकडून नंबर घेतलाय, लावतो.

डी-३०१ · ९:४०
ताई, गाडी माझी. पावसात रात्री आंबा घाट नको, दरड येते, धुकंही असतं. डॉक्टर थांबा म्हणाले तर पहाटे ५ ला निघू. लगेच या म्हणाले तर आत्ताही येतो, ते तुम्ही मनावर घेऊ नका.

बी-२०३ · १०:०५
डॉक्टर फोनवर बोलले. पोट मऊ आहे आणि ती अजून हालचाल करतेय, तर पहाटे निघा म्हणाले. पण रात्र उपाशी काढू द्यायची नाही. तिच्या गोळीखाद्याचा कोमट पाण्यात पातळ लगदा करून सुईशिवायच्या १ मिलीच्या सिरिंजने दर २-३ तासांनी भरवायचा. पोट ताठ वाटलं तर भरवणं थांबवून निघायचं. १ मिलीच्या सिरिंज कोणाकडे आहेत? माझ्याकडे एकच, तीही अडकतेय.

सी-२०४ · १०:०७
आमच्या दुकानाचं शटर आत्ताच ओढलंय, उघडून आणतो. ६ पुरेत?

सोमवार

बी-२०३ · पहाटे ४:२०
रात्री तीन वेळा भरवलं, मिळून १४ मिली गेलं असेल. पहिल्यांदा मी समोरून भरवायला गेले तर सगळं हनुवटीवर आलं. काकांनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. पुढच्या दातांच्या मागे गालाच्या बाजूला मोकळी जागा असते, तिथून आडवी सिरिंज घालून थेंब थेंब सोडायचं, तिने चावून गिळलं की पुढचं. उताणी करायची नाही, नाहीतर फुप्फुसात जातं. लेक उठून शेजारी बसली होती. तिने एकच विचारलं, आई, तिला दुखतंय का? दुखत असणार, दात करकरा वाजवत होती. लेंडी एकही नाही. निघतोय.

सी-१०२ · ५:०२
देवापुढे दिवा लावलाय. घाट ओलांडलात की कळवा.

बी-२०३ · दुपारी १:१०
सविस्तर लिहिते, सगळे विचारताय म्हणून. डॉक्टरांनी आधी तोंडात दिवा घालून दाढा बघितल्या. यांचे दात जन्मभर वाढतात. गवत चावून झिजले नाहीत तर दाढांना टोकं येऊन जिभेला टोचतात आणि जनावर खाणं सोडतं. दाढा ठीक निघाल्या. एक्स-रेमध्ये आतड्यात वायू दिसला, पण जठर फिरलेलं नाही. ते ऐकून मी तिथेच खुर्चीत बसले. कातडीखाली सलाइन दिलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, आतडं हलवायचं औषध सुरू केलं. ते म्हणाले, दुखणं थांबल्याशिवाय ती स्वतःहून खाणार नाही, नुसतं भरवून भागत नाही.

मग त्यांनी गवत मागितलं. काकांनी पिशवीत थोडं बरोबर घ्यायला सांगितलं होतं. डॉक्टरांनी मूठ नाकाशी नेली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरली. कुबट वास. उजेडात काड्यांवर काळे ठिपके. महागाचं टिमथी गवत, पुण्याहून मागवलेलं, जूनपासून आमच्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या पोत्यात होतं. आपल्या रत्नागिरीत, नाचणे रोडला जुलैत चपलांना बुरशी येते, गवताला येणार नाही असं मला का वाटलं, माहीत नाही. तिने ते खाणं कमी केलं होतं, मी समजले नखरे करतेय, आणि भूक भागावी म्हणून फ्लॉवरची पानं नि बिस्किटाचे तुकडे दिले. म्हणजे चोथा गेला आणि वायू करणारं पोटात आलं. ती आठ दिवस मला सांगत होती.

बी-१०४ · १:१८
स्वतःला बोल लावू नकोस. पावसाळ्यात कोकणात पेंढ्याची उडवीसुद्धा आतून काळी पडते, आणि ती रचणारे पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी असतात.

बी-२०३ · १:२४
आता प्रश्न असा आहे की ५ दिवस दर तीन तासांनी भरवायचं आहे, दिवसभरात ५० मिलीच्या आसपास. मला उद्यापासून ऑफिसला जावंच लागेल, लेकीची शाळा. दुपारचं कोणी करू शकेल का? विचारायला संकोच वाटतोय.

बी-२०१ · १:२५
संकोच कसला. ११ आणि २ माझ्याकडे.

ए-३०१ · १:२६
५ चं मी करते. शिकव फक्त.

सी-२०४ · १:२७
रात्री ११ मी. नाहीतरी हिशेब करत जागाच असतो.

मंगळवार

बी-२०१ · सकाळी ११:३५
९ मिली दिलं. आज पहिल्यांदा स्वतःहून सिरिंज चावली. पण एक सांगायचंय, तिने मान खाली घालून स्वतःचीच शी तोंडात घेतली! मी पटकन तोंड पुसलं.

बी-१०४ · ११:३८
२०१ ताई, पुसू नका, घेऊ दे! ही चांगली खूण आहे. मागच्या पिशवीत आंबवलेला मऊ भाग ती परत खाते, त्यातली जीवनसत्त्वं तिला दुसऱ्या फेरीतच मिळतात. पिशवी चालू झाली म्हणून तर तो भाग बाहेर आला.

डी-३०१ · दुपारी १:०५
मग लेंड्या?

बी-२०१ · २:२०
अजून नाहीत.

डी-१०३ · ४:४०
लेंड्या?

ए-३०१ · ५:३०
२ आल्या! बारीक, एकमेकींना केसाने जोडलेल्या. फोटो टाकू का?

सी-१०२ · ५:३१
टाक टाक.

बी-१०४ · ५:३३
छान. केस अडकले होते, सुटतायत. औषध आणि भरवणं थांबवायचं नाही. २ लेंड्यांवर खूश होऊन पाळी चुकवू नका.

डी-१०३ · संध्याकाळी ७:१०
आमच्या पावसच्या वाडीत हिरवंगार गवत आहे, दूर्वाही भरपूर. उद्या भारा आणू?

बी-१०४ · ७:२२
दूर्वा उत्तम. फक्त फवारणी झालेल्या बागेतल्या नकोत, आणि वाटेकडेच्या नकोत. हे लेप्टोच्या तापाचे दिवस आहेत, उंदीर आणि कुत्रे जिथे मुततात तिथलं गवत तिलाही बाधतं. आणून धुवा, पंख्याखाली पसरून पाणी उडवा, मग द्या. ढीग करून ठेवलं की काही तासांत आतून गरम होतं, ते गवत वायूच करणार. भाताचा पेंढा असेल तर कोरडा तेवढा अंथरायला द्या. तो चावला तर हरकत नाही, पण त्यावर पोषण होत नाही.

बी-२०३ · ७:३०
डॉक्टरांनी क जीवनसत्त्वाचे थेंबही दिलेत. आपल्यासारखंच यांच्या अंगात ते तयार होत नाही, रोज बाहेरून मिळावं लागतं, आजारपणात जास्तच. पाण्यात घालू नका, तिथे ते टिकत नाही, थेट तोंडात द्या म्हणाले. बरी झाली की ढोबळी मिरची आणि पेरूची छोटी फोड.

गुरुवार

बी-२०३ · पहाटे ४:५०
झोपला असाल, तरी लिहिते. पिंजऱ्याखालचं फडकं बदलायला गेले तर ४१. जाड, मऊसर, तपकिरी, नेहमीसारख्या. दोनदा मोजल्या. आणि डी-१०३ च्या दूर्वांची एक काडी तिच्या तोंडातून बाहेर लोंबत होती, हळूहळू आत जात होती. वजन ८६०.

ए-१०१ आजी · ४:५२
मी जागीच आसय. काल माका बघून तेणा शीळ घातल्यान, तेव्हाच माका कळला होता.

डी-३०१ · ६:१५
४१!!!

सी-१०२ · ६:४०
डोळ्यांत पाणी आलं. मी त्या रात्री लंघन सांगितलं होतं गं, चार दिवस तेच मनात होतं.

बी-२०३ · ६:४४
काकू, तुम्ही पहिल्या मिनिटाला उत्तर दिलंत. ते मी विसरणार नाही.

बी-१०४ · ७:०५
अजून दोन दिवस सिरिंज चालू ठेवायची, स्वतःहून खात असली तरी. वजन रोज एकाच वेळी, वहीत लिहायचं. नवं गवत आलं की पोत्यात नको. कापडी पिशवीत, भिंतीपासून लांब टांगायचं, आणि एका वेळी १५ दिवसांपुरतंच मागवायचं.

बी-२०३ · ७:०८
हो काका. कुबट पोतं काल लेकीने स्वतः खाली नेऊन टाकलं. आज रात्री ११ ची पाळी कोणाची?

सी-२०४ · ७:०९
माझीच. गजर लावलाय.