मदत हवी आहे: तिसरी-चौथीच्या मुलांना कॅथलिक सामाजिक मूल्यं कशी शिकवावीत?

नमस्कार. मी वसईतल्या एका धर्मग्रामाच्या (चर्चच्या स्थानिक पॅरिशच्या) मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. यंदा तिसरी आणि चौथीचा मूल्यशिक्षणाचा तास माझ्याकडे आला आहे. आठवड्यातून एकदाच, पस्तीस मिनिटं. ख्रिस्तसभेची, म्हणजे चर्चची, सामाजिक शिकवण मुलांपर्यंत पोचेल असा वर्षभराचा आराखडा सिस्टरांना जूनच्या आत हवा आहे. शिकवण मी वाचलेली आहे, मनापासून मानते. पण मुलांसमोर उभी राहिले की कुठे अडतं ते गेल्या वर्षी चांगलंच कळलं, म्हणून इथे विचारते आहे.

वर्गात अडतीस मुलं. निम्म्याहून थोडी कमी कॅथलिक, बाकीची हिंदू, काही मुसलमान, काही आदिवासी पाड्यावरची. उत्तरेकडून कामासाठी आलेल्या घरांतलीही पाच-सहा आहेत.

गेल्या प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आम्ही दर शुक्रवारी घरून मूठभर तांदूळ आणायला सांगितलं होतं. मुलांनी खूप उत्साहाने आणले. शेवटी त्याच्या पिशव्या भरून गरजू घरांना दिल्या. त्या रांगेत माझ्याच वर्गातल्या एका मुलाची आई होती. सोमवारी एका मुलीने त्याला विचारलं, "आमचा भात केला का रे? चांगला झाला ना?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं, खरंच नव्हतं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर त्याने एक कागदाची पुडी आणून ठेवली. आत मूठभर तांदूळ होते: जाडे, बारीक, लालसर, सगळे एकत्र. अडतीस घरांचे तांदूळ मिसळले की जसे दिसतात तसे. त्याने त्याच पिशवीतले आणले होते.

ती पुडी मी घेतली, वर्गात कुणाला काही बोलले नाही. पण तेव्हापासून मला वाटतं की आपण मुलांना दया शिकवतो, आणि त्या दयेत नकळत एक वर असतो आणि एक खाली. शिकवणीचा पहिला शब्द तर माणसाची प्रतिष्ठा हा आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्र, म्हणजे पोपनी ख्रिस्तसभेला लिहिलेलं शिकवणीचं पत्र, काढलं, त्यातही कामगारावर दया करा असा सूर नाही. त्याचं घर चालेल इतकी मजुरी हा त्याचा हक्क आहे, मालकाचा उपकार नव्हे, असं म्हटलं आहे. ८ मे २०२५ ला निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव घेताना त्याच पत्राची आठवण काढली. पण मजुरी, हक्क, न्याय हे आठ वर्षांच्या मुलाला कसं सांगायचं?

एक गोष्ट मात्र जमली, तीही सांगते. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला आम्ही वर्गात केला. पाच गट, कुणी पहाटेपासून कामाला, कुणी दिवस बुडायला आल्यावर आलेले. शेवटी सगळ्यांना दहा-दहा चिंचोके. एकच कल्ला झाला. "ही चिटिंग आहे टीचर!" मी समजावून सांगायला लागणार तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "माझे बाबा नाक्यावर उभे राहतात. कुणी नेलं नाही तर अकराला परत येतात." बस, एवढंच. वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने विचारलं, "मग त्या दिवशी तुम्ही काय जेवता?" मला वाटतं त्या दिवशीचा धडा त्या दोघांनी घेतला.

माझे प्रश्न असे आहेत. मदत गोळा करणं सोडायचं नाही, पण घेणारं मूल त्याच वर्गात असताना ते कसं करावं? 'सर्वांचं हित' हा शब्द मुलांच्या आवाक्यात कसा आणावा? स्वच्छता मोहिमेच्या पलीकडे माझी गाडी जात नाही. आणि अर्ध्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नसताना येशूचं नाव, बायबलमधल्या गोष्टी किती घ्याव्यात? लपवायचं नाही, आणि कुणाच्या घरात शंकाही यायला नको. कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

खाडीकाठ: टीचर, तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो. मी हिंदू घरातला, दहावीपर्यंत सिस्टरांच्या शाळेत शिकलो, आता माझी मुलगी शिकते आहे. वाटेवर जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची बायबलमधली गोष्ट मला आजही पाठ आहे आणि त्याने माझ्या घरच्या देव्हाऱ्याला काही झालं नाही. पालक म्हणून मला फक्त आधी कळलेलं हवं असतं. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवायचं तर पालकाची संमती लागते. तुमचा तास मूल्यशिक्षणाचा आहे, धर्मशिक्षणाचा नाही, हे जूनमध्येच एका साध्या पत्रातून कळवा आणि वर्षभरात कोणत्या गोष्टी सांगणार त्याची यादी जोडा. गोष्ट बायबलमधली आहे हेही सांगा. प्रार्थना आणि धर्मशिक्षण त्या तासात मिसळू नका, एवढं पाळलं तर आमची तक्रार नसेल. आणि आमच्या घरच्या गोष्टींनाही जागा द्या. एकनाथांनी काशीहून आणलेलं गंगेचं पाणी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट माझी आई सांगायची. ती तुमच्या वर्गात परकी वाटणार नाही.

पानवेल: मी निवृत्त शिक्षिका, वसईचीच. पुडीचं वाचलं आणि बराच वेळ काही सुचलं नाही.

बाळा, तांदूळ गोळा करण्याआधी मुलांना सरवा शिकव. तुझ्या वर्गात भातशेतीवाल्या घरातली मुलं असतीलच. कापणी झाल्यावर शेतात जी कणसं पडून राहतात तो सरवा. आमच्या लहानपणी वाडीवरच्या बायका तो वेचायला यायच्या आणि माझी आजी त्यांना कधी अडवत नसे. विचारून यायचीही गरज नव्हती. आता बघ, बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात देव शेतकऱ्याला काय सांगतो: शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापू नकोस, पडलेला सरवा वेचू नकोस, तो गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी राहू दे. म्हणजे ते धान्य मुळात शेतकऱ्याचं नव्हतंच! मग बायबलमधलीच रूथची गोष्ट घे. ती परदेशी, विधवा, बवाज नावाच्या जमीनदाराच्या शेतात सरवा वेचते. बवाज गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम थोडी कणसं गळू द्या, आणि तिला लाजवू नका. तिच्या हातात पोतं ठेवून तो मोठा होत नाही. ती वाकते, वेचते, स्वतःच्या कष्टाचं सासूकडे घेऊन जाते.

यावर दोन-तीन तास सहज जातील. मुलांना विचार की बवाजाने सरळ धान्य का दिलं नाही. उत्तर तू देऊ नकोस.

आणि वाटपाचं म्हणशील तर ते शाळेतून करूच नये. धर्मग्रामात सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही गरजूंना मदत करणारी संस्था असेल तर गोळा झालेलं त्यांच्याकडे द्यावं, ते घरी जाऊन भेटतात. मुलांना कुणाकडे गेलं ते कळायचं कारण नाही. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये हे प्रभू येशूनेच सांगितलं आहे.

वाडीवाला: 'सर्वांचं हित' समजवायला बावखल, म्हणजे वाडीत खणलेलं पावसाच्या पाण्याचं तळं, दाखवा ना! एखाद्या वाडीत मुलांना न्या. जमीन एका घराची, खणलं त्यांच्या पणजोबांनी, पण पावसाचं पाणी तिथे मुरतं म्हणून शेजारच्या चार विहिरींना पाणी असतं. मग विचारा: हे कुणाचं? बुजवलं तर कुणाचं जाईल? आमच्या आळीतलं बुजवलं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आता आम्ही टँकर मागवतो. हेही सांगा मुलांना. २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात पोप फ्रान्सिस यांनी हवामानालाच सर्वांचं सामायिक हित म्हटलं आहे. वसईच्या मुलाला ते बावखलाच्या काठावर लगेच कळेल.

मूळ धागालेखिका: सगळ्यांचे मनापासून आभार. खाडीकाठ सर, पत्राचा मसुदा आजच करते, एकनाथांची गोष्ट यादीत घातली. बावखलाची सहल पावसाळ्यानंतर ठेवते, म्हणजे पाणी भरलेलं दिसेल.

पानवेलताई, सरव्याचं वाचून मी रूथचं पुस्तक पुन्हा काढलं. एक सुचलं आहे, बघा पटतं का. वर्गात एक कोपरा ठेवायचा, त्याचं नाव सरवा. पेन्सिली, जास्तीच्या वह्या, लहान झालेले रेनकोट, ज्याला जे ठेवायचं ते ठेवावं, ज्याला लागेल त्याने न विचारता घ्यावं. मी स्वतःही तिथून खडू घेईन, सगळ्यांसमोर. सिस्टरांना कल्पना आवडली, पण वर्षअखेरीच्या अहवालात किती मुलांना लाभ झाला तो आकडा त्यांना लिहावा लागतो. नोंद ठेवली तर नाव लिहावं लागेल, आणि नाव लिहिलं तर तो मुलगा कोपऱ्याकडे फिरकणारही नाही. काय ठेवलं गेलं याचीच नोंद करून चालेल का? कुणाच्या शाळेत असं काही चालू असेल तर हिशेब कसा दाखवता ते सांगाल का?