जुन्या व्होल्वोत फ्युएल इंजेक्शन नेमकं कुठलं?

नमस्कार मंडळी,

१९८२ ची व्होल्वो २४० घेतली आहे. थंड इंजिन सुरू व्हायला फार वेळ लागतो, एकदा तापलं की काही तक्रार नाही. गॅरेजमध्ये सांगितलं, एअर मास मीटर (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) बदला. पार्ट मागायला गेलो तर दुकानदारानं विचारलं, "के-जेट की एलएच?" मॅन्युअल मिळालेलं नाही. बॉनेट उघडून हे ओळखता येतं का?

---

अरे, आधी काहीही विकत घेऊ नकोस.

नुसत्या सालावर जाऊ नकोस. २४० मध्ये बॉशच्या इंजेक्शन सिस्टीमपैकी के-जेट्रॉनिकही (के-जेट) आली आणि एलएच-जेट्रॉनिकही (एलएच), आणि तुझी गाडी नेमकी त्या बदलाच्या काळातली आहे. टर्बोला तर त्यानंतरही के-जेटच राहिली. पोर्शे ९१४ चंही तसंच: १९७४ साली १.८ लिटरला एल-जेट्रॉनिक आणि २ लिटरला डी-जेट्रॉनिक. त्यातून मधल्या काळात कुणी इंजिनच बदललं असेल तर कागदपत्रांवरही भिस्त ठेवता येत नाही.

इंजेक्टरपासून सुरुवात कर. प्रत्येक सिलिंडरच्या इनटेकपाशी एकेक असतो. त्याच्यावर दोन पिनांचा प्लग असेल तर इंजेक्शन इलेक्ट्रॉनिक. वायर नसेल, नुसती बारीक नळी येत असेल, तर के किंवा केई (के-जेटलाच इलेक्ट्रॉनिक जोड दिलेली). इथे बरेच जण फसतात, कारण के-जेटमध्येही मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) वायरवाला एक इंजेक्टर असतो. तो कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्ह. चार सिलिंडरच्या इंजिनावर पाचवा दिसला तर तो हाच. तो बाजूला ठेव आणि बाकीचे चार बघ.

मग त्या चार नळ्या उलट्या दिशेनं शोधत जा. के-जेटमध्ये त्या सगळ्या एका जड धातूच्या ठोकळ्याला येऊन मिळतात. हा फ्युएल डिस्ट्रिब्युटर. शेजारचा रबरी बूट काढलास की खाली गोल सपाट प्लेट दिसेल. आत येणारी हवा ती प्लेट हलवते, प्लेट डिस्ट्रिब्युटरमधला प्लंजर वर ढकलते आणि त्या मापानं पेट्रोल सुटतं. इंजिन चालू असेपर्यंत इंजेक्टर सतत फवारत असतात, त्यांना उघडझाप करायला कॉम्प्युटर लागत नाही. १९७० च्या दशकातली ही रचना मला आजही फार सुंदर वाटते. डिस्ट्रिब्युटरच्या कडेला वायर जोडलेली छोटी काळी डबी स्क्रूंनी बसवलेली असेल तर ती केई. मर्सिडीज १९० ई मध्ये ती दिसते.

इंजेक्टरना वायरी असतील तर हवा कशानं मोजली जाते ते बघ. एअर फिल्टरनंतर चौकोनी डबा आणि आत स्प्रिंगवरची झडप म्हणजे एल. गोल नळी आणि आत बारीक तार म्हणजे एलएच. हवेच्या वाटेत काहीच नाही, पण मॅनिफोल्डपासून व्हॅक्यूमची नळी प्रेशर सेन्सरकडे जाते, तर डी. ही १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० ला आली होती. सगळ्या सिलिंडरना मिळून थ्रॉटलच्या डोक्यावर एकच इंजेक्टर असेल तर मोनो.

के-जेटचं प्रेशर ५ बारच्या आसपास असतं, एल-जेटच्या जवळजवळ दुप्पट. इंजिन बंद केल्यावरही ते लाइनमध्ये टिकून राहतं. त्यामुळे एकही नट सैल करू नकोस, आणि गळती दिसली तर कुठलाही साधा रबरी होज लावायचा नाही. आग लागते.

---

काका, पाहिलं. चारही इंजेक्टरना वायर नाही, नळ्या ठोकळ्यावरच येतात. पाचव्याला प्लग आहे. काळी डबी नाही. रबरी बूट वाकवला तर खालच्या घडीत बोटभर चीर दिसली.

---

मग ही के-जेटच. तुझ्या गाडीत एअर मास मीटर नाहीच, बदलणार काय?

ती चीर मात्र महत्त्वाची आहे. प्लेटच्या पुढे शिरलेली हवा प्लेटला कळत नाही, तिच्या वाट्याचं पेट्रोल मिळत नाही, आणि थंड इंजिनाला ते सगळ्यात आधी जाणवतं. बूट बदल. तरीही त्रास राहिला तर कोल्ड स्टार्ट व्हॉल्व्हचा प्लग काढून त्यात टेस्ट लॅम्प लाव आणि इंजिन पूर्ण थंड असताना स्टार्टर मार. लॅम्प काही सेकंद पेटला पाहिजे. तो पेटला तर संशय वॉर्म-अप रेग्युलेटरवर. थंड इंजिनात त्यानं कंट्रोल प्रेशर (प्लंजरला वरून दाबणारं प्रेशर) कमी ठेवायला हवं, म्हणजे मिश्रणात पेट्रोल वाढतं. ते गेजशिवाय कळणार नाही. माझ्याकडे गेज आहे, शनिवारी घेऊन येतो. आदल्या रात्रीपासून गाडी सुरू करू नकोस.