कॅरिबियन समुद्रातील युद्धकालीन कॉन्व्हॉय आणि त्यांच्या रक्षक नौका : आपले आणि घरच्यांचे अनुभव

दुसऱ्या महायुद्धातील समुद्री लढाई म्हटली की उत्तर अटलांटिकची थंडी आणि रशियातील मुर्मान्स्क बंदराचा मार्ग यांविषयी पुष्कळ वाचायला मिळते. कॅरिबियन समुद्राविषयी मराठीत फारसे काही हाती लागत नाही. वास्तविक १९४२ साली जर्मन पाणबुड्यांनी तिथे जो संहार केला, त्याचा संबंध सरळ तेलाशी आणि ॲल्युमिनियमशी होता. व्हेनेझुएलाचे खनिज तेल अरुबा आणि कुरासाव या डच बेटांवर शुद्ध होत असे, विमानांसाठी लागणारे बॉक्साइट सुरिनाम आणि ब्रिटिश गयानामधून त्रिनिदादमार्गे अमेरिकेकडे जात असे, आणि हे सर्व सुरुवातीचे कित्येक महिने एकट्यादुकट्या, निःशस्त्र म्हणाव्यात अशा व्यापारी जहाजांतून चालले होते. युद्धनौकांच्या सोबतीने जाणारे ताफे, म्हणजे कॉन्व्हॉय, तिथे उशिरा आले, आणि त्या उशिराची किंमत खलाशांनी मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांनी या पाण्यात नोकरी केली, ज्यांच्या घरी युद्धकाळातील खलाशी होते किंवा जे या बेटांवर राहिले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. आलेली पत्रे लेखकांच्या इच्छेनुसार नावाविना देत आहे.

टँकरवरील निवृत्त कप्तान, ठाणे

अरुबाच्या सॅन निकोलास बंदरात मी अनेकदा तेल भरले आहे. प्रवाळाच्या कड्याआड लपलेले हे बंदर आतून सुरक्षित वाटते, पण बाहेर नांगर टाकून पाळीची वाट पाहणारे जहाज चारही बाजूंनी उघडे असते, हे तिथे उभे राहिल्यावरच कळते. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या तोंडाशी वाळूचा उथळ बांध असल्यामुळे त्या काळी मोठी जहाजे आत जाऊ शकत नसत. म्हणून उथळ बुडाचे छोटे टँकर सरोवरातून कच्चे तेल भरून अरुबा आणि कुरासावला आणून ओतत. त्यांची ये-जा इतकी नियमित होती की शत्रूला फार शोधावे लागले नाही.

१६ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे वर्नर हार्टेनश्टाइनच्या यू-१५६ या पाणबुडीने कड्याबाहेर नांगरलेल्या ‘पेदेर्नालेस’ आणि ‘ओरान्येस्टाड’ या दोन टँकरवर पाणतीर (टॉर्पेडो) सोडले. सांडलेल्या तेलाने समुद्राच्या पृष्ठभागावर पेट घेतला. त्यानंतर पाणबुडीने आपल्या तोफेने बंदरातील तेलशुद्धी कारखान्यावर मारा करायचे ठरवले, परंतु नळीच्या तोंडातील पाणी अडवणारे बूच काढायचे राहून गेल्याने पहिलाच गोळा नळीत फुटला. कारखाना वाचला तो या चुकीमुळे. तिथे त्या रात्री त्याला वाचवू शकेल अशी पुरेशी व्यवस्था नव्हती. त्याच पहाटे यू-५०२ने व्हेनेझुएलाच्या आखाताजवळ आणखी तीन सरोवरी टँकर बुडवले. तेलाच्या जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाला या घटनेतील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा अस्वस्थ करते : दिवे लावून, नेहमीच्या जागी, नेहमीच्या वेळी ती जहाजे उभी होती, कारण त्यांना वेगळे काही करायला कोणी सांगितलेच नव्हते.

‘पेदेर्नालेस’चा मधला जळलेला भाग पुढे कापून काढला गेला आणि पुढचा व मागचा भाग जोडून ते जहाज पुन्हा चालवले गेले. गोदीत काम केलेल्यांना हा तपशील विशेष वाटेल म्हणून नोंदवतो.

विलेमस्टाडमध्ये काही वर्षे राहिलेल्या शिक्षिका, सध्या नागपूर

पतीच्या नोकरीमुळे आम्ही कुरासावला राहिलो. तिथल्या सुंदर रंगीत घरांची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. १९४२ च्या एप्रिलमधील घटना मला तिथल्या एका वृद्ध शेजारणीने सांगितली, आणि नंतर मी त्याविषयी मिळेल ते वाचत गेले. टँकरच्या भट्ट्यांवर आणि इंजिनखोलीत काम करणारे बरेच कामगार चिनी होते. फेब्रुवारीतील हल्ल्यांनंतर त्यांनी सोबतीला युद्धनौका असल्याशिवाय आणि अधिक चांगल्या अटींशिवाय जहाजावर चढण्यास नकार दिला. संपकऱ्यांना सुफिसान्त येथील छावणीत कोंडण्यात आले, आणि २० एप्रिलला तिथे झालेल्या गोळीबारात पंधरा चिनी खलाशी मृत्युमुखी पडले.

वर संकलकांनी उशिराच्या किमतीविषयी लिहिले आहे. माझ्या दृष्टीने त्या किमतीचा हा सर्वांत कठोर भाग आहे. जी गोष्ट त्या माणसांनी मागितली, तीच काही महिन्यांत त्या समुद्रातील अधिकृत धोरण झाली. शत्रूच्या पाणतीराने मेलेल्यांची नावे स्मारकांवर कोरली जातात. संरक्षण मागताना मेलेल्यांना तो मान सहजासहजी मिळत नाही. मुलांना इतिहास शिकवताना मी हा प्रसंग आवर्जून सांगत असे.

भारतीय नौदलातील निवृत्त अधिकारी (पाणबुडीविरोधी शाखा), पुणे

कॉन्व्हॉय इतक्या उशिरा का आले, याचे उत्तर केवळ बेफिकिरी असे देता येणार नाही. अमेरिकी नौदलाच्या वरिष्ठांचे त्या वेळचे मत असे होते की अपुऱ्या रक्षकांचा ताफा हा ताफा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यामुळे शत्रूला एकाच ठिकाणी पुष्कळ लक्ष्ये मिळतात. ब्रिटिशांचा अनुभव नेमका उलट होता. अथांग पाण्यात चाळीस जहाजांचा समूह शोधणे हे एक जहाज शोधण्याइतकेच कठीण असते. त्यामुळे जहाजे एकत्र आली की पाणबुडीच्या वाट्याला दिवसेंदिवस रिकामा समुद्र येतो, आणि ताफा सापडलाच तर तिथे तिला लढाऊ नौकेशी गाठ घ्यावी लागते. हा हिशेब पटायला मे आणि जून १९४२ चे भयानक नुकसान व्हावे लागले.

जुलै १९४२ पासून फ्लोरिडातील ‘की वेस्ट’, अरुबा आणि त्रिनिदाद यांना जोडणारे ताफे सुरू झाले. त्यांना जाताना डब्ल्यूएटी आणि परतताना टीएडब्ल्यू अशी अक्षरे होती. उन्हाळा संपता संपता ही रचना बदलून क्युबातील ग्वांतानामो हे केंद्र झाले. तिथून न्यूयॉर्कचे ताफे सुटत, आणि अरुबा-त्रिनिदादकडून येणारे ताफे त्यांना जोडून घेता यावेत अशा वेळी पोहोचत. रेल्वे जंक्शनवर गाड्यांचे डबे जोडावेत तशी ही व्यवस्था होती, आणि ती वेळापत्रकावर चालवणे हे समुद्रातील लढाईइतकेच अवघड काम होते.

रक्षक नौका मात्र जिथून मिळतील तिथून गोळा केलेल्या होत्या : अमेरिकी गस्ती नौका, डच नौका, आणि उत्तर अटलांटिकमधून मागून घेतलेल्या कॅनडाच्या कॉर्व्हेट, म्हणजे छोट्या रक्षक युद्धनौका. २८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री हैतीच्या दक्षिणेस टीएडब्ल्यू-१५ या ताफ्याजवळ अमेरिकी कॅटलिना विमानाने यू-९४ वर बाँब टाकले आणि कॅनडाच्या ‘ओकव्हिल’ने तिला धडका दिल्या. दोन्ही नौका इतक्या जवळ आल्या की ‘ओकव्हिल’च्या तोफा खाली वळेनात, तेव्हा खलाशांनी शीतपेयाच्या रिकाम्या बाटल्या पाणबुडीच्या डेकवर भिरकावल्या. त्यानंतर अधिकारी हॅल लॉरेन्स आणि पेटी ऑफिसर आर्थर पॉवेल हे दोघेच पाणबुडीवर उतरले. ही शौर्यकथा सगळीकडे सांगितली जाते. तिच्यासोबत हेही सांगितले पाहिजे की याच गोंधळाच्या काळात यू-५११ने ताफ्यातील ‘सॅन फाबियान’ आणि ‘रॉटरडॅम’ ही जहाजे बुडवली. एक रक्षक नौका एका पाणबुडीमागे गेली की तिची जागा रिकामी राहते, आणि राखीव नौका नसतील तर ती रिकामीच राहते.

एक तांत्रिक बाब जोडतो. उष्ण समुद्रात वरच्या कोमट आणि खालच्या थंड पाण्याच्या थरांमध्ये ध्वनिलहरी वाकतात, त्यामुळे थराखाली गेलेली पाणबुडी जवळ असूनही ऐकू येत नाही. अरबी समुद्रात सोनारवर, म्हणजे ध्वनीने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्रावर, बसताना हा अनुभव मी आधुनिक उपकरणे हाताशी असूनही घेतला आहे. १९४२ च्या ॲस्डिकवर (तेव्हाच्या सोनारवर), तेही थकलेल्या कानांनी, कॅरिबियनमध्ये पहारा देणाऱ्या त्या तरुणांविषयी मला अतिशय आदर वाटतो.

पोर्ट ऑफ स्पेन येथील विद्यापीठात शिकवलेले प्राध्यापक, मुंबई

त्रिनिदादच्या पश्चिमेला पारियाचे आखात आहे, आणि त्यात शिरायच्या उत्तरेकडील अरुंद वाटांना बोकास म्हणतात. शागुआरामास येथील अमेरिकी नौदलतळ याच वाटांच्या आतल्या अंगाला होता; तिथल्या लष्करी संग्रहालयात मी विद्यार्थ्यांना घेऊन जात असे. १८ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री आल्ब्रेख्त आखिलेसची यू-१६१ ही पाणबुडी याच वाटेने आत आली आणि तिने बंदरात नांगरलेल्या ‘मोकिहाना’ आणि ‘ब्रिटिश कॉन्सल’ या जहाजांवर पाणतीर सोडले. बाहेर जाताना ती पाण्यावरूनच, दिवे लावून, एखाद्या सामान्य बोटीसारखी निघून गेली. मार्चमध्ये तिने सेंट लुशियातील कास्ट्रीझ बंदरातही असेच केले.

किनाऱ्यावरून ती वाट पाहिली की विद्यार्थी एकदम शांत होत असत, कारण अंतर किती कमी आहे ते त्यांना नकाशावर कळलेले नसे.

तेलवाहू जहाजांवरील अभियंता, नवी मुंबई

मला फक्त टीएम-१ या ताफ्याविषयी लिहायचे आहे. जानेवारी १९४३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील सैन्यासाठी नऊ टँकर त्रिनिदादहून जिब्राल्टरकडे निघाले. सोबतीला ‘हॅवलॉक’ ही विनाशिका आणि तीन कॉर्व्हेट, म्हणजे एकूण चार नौका होत्या. पाणबुड्यांच्या टोळीने खुल्या अटलांटिकमध्ये त्यांना गाठले आणि सात टँकर गेले. ‘क्लिओना’ आणि ‘व्हान्या’ हे दोनच पोहोचले. पंप रूममध्ये थोडी गळती झाली तरी आम्ही सगळे काम थांबवतो. अशा मालावर उभे राहून रात्रीमागून रात्र पाणतीराची वाट पाहणे म्हणजे काय, हे मी कल्पनेने पुरते गाठू शकत नाही. नौदलातील सरांचा ‘रिकामा समुद्र’ खरा आहे, परंतु तो हिशेब पुरेशा रक्षक नौका असतील तरच जुळतो.

खलाशाचा नातू, दापोली तालुका

आमचे आजोबा ब्रिटिश मालवाहू जहाजावर आगवाला होते, म्हणजे बॉयलरची भट्टी सांभाळत. आमच्या भागातील अनेक घरांतून सारंग (खलाशांचे मुकादम), टंडेल (त्यांचे मदतनीस), आगवाले आणि भंडारी (स्वयंपाकी) मुंबई बंदरातून जहाजावर जात. भूमध्य समुद्राची वाट धोक्याची झाल्यावर त्यांचे जहाज आफ्रिकेला वळसा घालून केपटाउनहून त्रिनिदादला आणि तिथून न्यूयॉर्कला गेले. केप ते त्रिनिदाद हे अंतर त्यांनी कोणत्याही सोबतीशिवाय कापले. त्रिनिदादच्या आखातात पुष्कळ जहाजे एकत्र उभी होती आणि तिथे प्रथमच झोप लागली, असे ते सांगत. पुढे ताफ्यात मात्र त्यांना वेगळी भीती असे : भट्टीवरचा माणूस जलरेषेखाली काम करतो, आणि ताफ्यात धूर फार होऊ न देता वेग कायम ठेवण्याची जबाबदारी त्याच्याच फावड्यावर असते. मागे राहिलेल्या जहाजासाठी ताफा थांबत नाही, हे त्यांना सारंगाने आधीच बजावले होते.

गोऱ्या खलाशांच्या तुलनेत त्यांना पगार कितीतरी कमी होता, याचा उल्लेख ते कडवटपणा न ठेवता करीत. मला तो कडवटपणा वाटतो आणि मी तो लपवत नाही. युद्धात मृत्यू पावलेल्या भारतीय व्यापारी खलाशांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे, आणि त्यांच्या नावांची स्मरणवही मुंबईत मस्जिद बंदर येथील खलाशांच्या निवासात आहे. आजोबा परत आले. त्यांच्या गावातील दोघे आले नाहीत. त्यांची जहाजे कोणती, कुठे बुडाली, हे शोधण्यास कोणी मदत करू शकेल का?

संकलकाचे उत्तर

दापोलीच्या पत्राला लगेच उत्तर देतो. कुटुंबाकडे खलाशाचे नोकरीपुस्तक असेल तर त्यात जहाजाचे नाव आणि सुटकेची तारीख असते. ते नसेल तर स्मरणवहीतील नोंदीत बहुधा जहाजाचे नाव मिळते. जहाजाचे नाव कळले की युद्धकालीन ताफ्यांच्या प्रसिद्ध झालेल्या याद्यांतून ते कोणत्या ताफ्यात होते किंवा एकटे होते, हे पडताळता येते. इंग्रजी नोंदींत कोकणी नावांची अक्षरे फार बदललेली असतात, म्हणून वडिलांचे नाव आणि गावाचे नाव दोन्ही घेऊन शोधावे. ही दोन नावे मला खासगीत कळवावीत. पुढच्या महिन्यात मी मस्जिद बंदरला जाणार आहे, तेव्हा वही प्रत्यक्ष पाहून येईन. आणखी कोणाला नावे शोधायची असल्यास त्यांनीही त्याआधी कळवावे.