दक्षिण सोलापूरचा घोळ

काहीजण म्हणतात की २०२४ च्या विधानसभेला महाविकास आघाडी फक्त लाडकी बहीण योजनेमुळं पडली. असंल, पण दक्षिण सोलापूरचं काय मग? काँग्रेसच्या यादीत दिलीप माने, एबी फॉर्म (पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद) मात्र शेवटपर्यंत हातात आलाच नाही, तिकडं आघाडीतल्याच ठाकरे सेनेनं अमर पाटलांना उभं केलेलं, आणि ऐन मतदानादिवशी काँग्रेसच्याच सुशीलकुमार शिंदे आणि प्रणितीताईंनी पाठिंबा दिला कुणाला तर अपक्ष धर्मराज काडादींना (हेच ते, विमानसेवेसाठी चिमणी पाडलेल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याचे), म्हणजे बूथवर बसलेल्या पोरांनी स्लिपा कुणाच्या वाटायच्या ओ? भाजपचे सुभाषबापू देशमुख आरामात निघाले. पंढरपुरात पण तेच, काँग्रेसचे भालके आणि शरद पवार गटाचे सावंत दोघंबी आघाडीचेच समोरासमोर, आणि आमदार झाले भाजपचे आवताडे.