'द एक्झॉर्सिस्ट' ही नुसती भुताची कादंबरी नाही हो (वैतागून लिहिलंय)

पानवेडा
परवा इथे एकाने लिहिलं की 'द एक्झॉर्सिस्ट' वाचायला घेतली, अर्ध्यात सोडली, नुसत्या शिव्या आणि ओकाऱ्या, वर पाद्र्यांची जाहिरात, श्रद्धाबिद्धा काही नाही. खाली बदामांचा पाऊस. तिथेच उत्तर लिहीत होतो पण लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय, ॲडमिननी उडवू नये.

तुम्ही लोक पिक्चरच्या डोळ्यांनी पुस्तक वाचता हा सगळा घोळ आहे. 1973 च्या पिक्चरमधली गरागरा फिरणारी मान तेवढी सगळ्यांच्या लक्षात. ब्लॅटीच्या 1971 च्या कादंबरीचा खरा नायक फादर कॅरस आहे, जेझुइट म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाचा पाद्री, वर मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्याचाच देवावरचा विश्वास उडत चाललाय. आई न्यूयॉर्कात एकटीच वारली, याने गरिबीचं व्रत घेतलेलं, तिला धड घर देऊ शकला नाही, ते त्याला आतून खातंय. झपाटलेली मुलगी रीगन, तिची आई क्रिस नास्तिक नटी. आणि आता सांगा, भूत उतरवायचा विधी करा असं आधी सुचवतं कोण? डॉक्टर! पानंच्या पानं तपासण्या चालतात, रिटालिन काय, पाठीतलं पाणी काय, मेंदूचे आलेख काय, आणि मग डॉक्टरच म्हणतात की मुलीची समजूत आहे तिला झपाटलंय, तर विधीने कदाचित ती समजूत जाईल. आणि चर्चचा माणूस नको म्हणतो. कॅरस साधं नळाचं पाणी नेतो, पवित्र जल म्हणून शिंपडतो, आतला जो कोण आहे तो कळवळायला लागतो. झालं, कॅरसला वाटतं हे ढोंग आहे. लेखकाने स्वतःच्याच बाजूला भोक पाडून ठेवलंय, जाहिरात करणारा असं करतो का?

आणि मेरिन काय सांगतात ते तरी वाचायचं. विधी करायला आलेले हे म्हातारे फादर मधल्या वेळात कॅरसला सांगतात की सैतानाचा निशाणा ती मुलगी नाहीच, बघणारे आपण आहोत, आपल्याला आपलीच किळस यावी, असल्यांवर देव कसा प्रेम करेल असं वाटावं, एवढंच त्याला हवंय. हाच संवाद दिग्दर्शक फ्रीडकिनने पिक्चरमधून कापला, 2000 साली परत जोडला. त्या शिव्या-ओकाऱ्या तुमच्यासाठी होत्या साहेब, आणि तुम्ही पुस्तक मिटलंत.

पाचर
साहेब, तो मीच. पुस्तक मिटलं म्हणजे सैतान जिंकला हे भारी आहे, म्हणजे आवडलं तरी लेखक थोर आणि नाही आवडलं तरी लेखकच थोर.

विश्वास उडालेला माणूस शेवटी भूत स्वतःच्या अंगात घेऊन खिडकीतून उडी मारतो, बलिदान देऊन विश्वासाकडे येतो, याहून जुना साचा दाखवा. आजीच्या पोथीत दर अध्यायाला एक टवाळ कुलकर्णी महाराजांच्या पायावर लोळण घेतो, तेच कादंबरी घडते त्या अमेरिकेतल्या जॉर्जटाऊनला नेऊन ठेवलंय. नळाचं पाणी वगैरे ठीक आहे, वाचकाला जरा झुलवायचं आणि मग हाताला धरून देवळात न्यायचं.

आणि पुस्तकातला तो सैतान, पझुझू! मेसोपोटेमियातली बाई त्याचा ताईत गळ्यात घालायची, कशासाठी, तर लमश्तू नावाच्या राक्षसिणीने पोटातलं पोर नेऊ नये म्हणून. पोरांना वाचवणारा राक्षस उचलला आणि थेट पोरीच्या अंगात घातला, दुसऱ्याचा देव तो आपला सैतान. ब्लॅटी स्वतः जॉर्जटाऊनच्या कॅथलिक विद्यापीठाचा विद्यार्थी, 2013 मध्ये त्याने त्याच विद्यापीठाविरुद्ध चर्चकडे तक्रार केली की तुम्ही पुरेसे कॅथलिक राहिला नाहीत. असा माणूस तटस्थ लिहिणार?

उत्तर_वसई
तटस्थ कुणी म्हटलं? धर्मावर लिहिणाऱ्याने तटस्थ असायची अट फक्त आम्हालाच का असते?

मला वेगळंच बोलायचंय. मराठी मालिकेत भूत आलं की भगत येतो, तो हरला की काळा झगा घातलेला 'पाद्री' येतो, हातात हा एवढा क्रॉस, आणि बोलतो कसं तर "माय चाइल्ड, टुमी घाबरू नका". अरे, आमच्याकडे वसईच्या कॅथलिकांत मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, गायन मराठीत, प्रवचन मराठीत, आमचे फादर तुमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात. 2020 ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा किती जणांची पोटं दुखली ते विसरलो नाहीये. एक्झॉर्सिस्टमधले फादर सिगारेट ओढतात, बॉक्सिंग करतात, शंका काढतात, विनोद करतात. माणसं आहेत ती! मला तेवढ्यासाठीच पुस्तक प्रिय आहे, भूत गेलं उडत.

आणि तो विधी कुणीही उठून करत नाही. बिशपची खास परवानगी लागते, चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन 1172. चर्चच्या 1614 च्या विधिग्रंथातच म्हटलंय की झपाटलंय असं सहजासहजी मानू नका.

गोळी_वेळेवर
इतका वेळ नुसतं वाचत होते पण आता राहवत नाही. परवानगी लागते म्हणे. ॲनेलिझ मिशेल आठवते का कुणाला? जर्मनी, 1976, वय 23, फिट्सचा आजार होता. 67 वेळा विधी झाला. खाणं बंद, उपासमारीने गेली. आईवडील आणि दोन धर्मगुरू, चौघांना 1978 मध्ये कोर्टाने दोषी धरलं. आणि वुर्झबर्गच्या बिशपने रीतसर परवानगी दिली होती हो त्याला! झाली ना परवानगीची पूजा?

आम्हीही ख्रिस्तीच, म्हणून सांगते. माझ्या मावशीला लहानपणापासून फिट्स येतात. एका प्रार्थनासभेत कुणीतरी डोक्यावर हात ठेवला, ती थरथरली, तर म्हणाले दुष्टात्मा निघतोय. फिट आली होती तिला! घरी येऊन तिने गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात टाकलं, गोळी घेणं म्हणजे देवावर अविश्वास असं सांगितलं होतं. पुढची फिट मोरीत आली, कपाळाला टाके. मी नर्स आहे, घरात मला कुणी विचारलं नाही. त्यामुळे तुमचं ते मेरिन आणि निशाणा वगैरे मला नका सांगू.

उत्तर_वसई
ताई, वाईट वाटलं. पण प्रार्थनासभावाले वेगळे आणि आमची व्यवस्था वेगळी, दोघांना एका पोत्यात घालू नका.

गोळी_वेळेवर
बिशपचं काय झालं? त्यावर बोला की.

नगरी_खवचट
वसईकर, "आमची व्यवस्था वेगळी" हे प्रत्येक जण म्हणतो. मी नगरचा, प्रोटेस्टंट घरातला, आमच्याकडे पवित्र जल नाही, मूर्ती नाही, तरी भुतापासून 'सुटका' करणारे पास्टर आहेतच. आणि ज्यावरून ही कादंबरी सुचली ती 1949 ची अमेरिकेतल्या मेरीलँडच्या मुलाची केस, ते घर लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटच होतं, आधी लुथरन पास्टरकडेच गेले होते, जेझुइट नंतर आले. तेव्हा कॅथलिकांनी एकट्याने मक्ता घेऊ नये.

राहिला कायदा. दाभोलकरांचा खून झाल्यावर 2013 ला आला तो जादूटोणाविरोधी कायदा, त्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं. रीगनला पलंगाला पट्ट्यांनी बांधलेलं असतं. म्हणजे कॅरस आणि मेरिन महाराष्ट्रात आले असते तर थेट चौकीत.

पानवेडा
पट्ट्या डॉक्टरांच्या सल्ल्याने बांधल्या होत्या, ती स्वतःला इजा करत होती!!! कुणीतरी पुस्तक वाचा रे.

आणि धागा कादंबरीवर आहे. ॲनेलिझची गोष्ट भयंकरच आहे, पण तिथे शंका घेणारं कुणी नव्हतं. कॅरसचं अख्खं काम शंका घेणं आहे. तो टेप ऐकतो, अगम्य भाषा वाटते ती उलटं बोललेलं इंग्रजी निघतं. प्रत्येक चमत्काराला तो आधी साधं कारण शोधतो. असा एक माणूस त्या जर्मन घरात हवा होता.

गोळी_वेळेवर
आणि सगळ्या शंका घेऊन झाल्यावर शेवटी भूत खरंच असतं. हो ना? हेच तर म्हणतेय मी. शंका घ्या, घ्या, पण शेवटी भूत निघणार. मावशीसारखी बाई ते वाचेल नाहीतर बघेल तर तिच्या काय लक्षात राहणार, उलटं इंग्रजी की खिडकीतून गेलेलं भूत?

पाचर
गोळीताईंना लाख मोदक.

पानवेडा
मग काय, कादंबरीकाराने मावशीला विचारून शेवट करायचा? मॅकबेथमधल्या चेटकिणी पण काढा मग, ज्ञानेश्वरांनी चालवलेली भिंत पण थांबवा. आणि पुस्तकात तो शेवट आपल्याला दिसतसुद्धा नाही. क्रिस खाली बसलेली, वरून कॅरसचा आवाज आणि काच फुटल्याचा आवाज, बस. पिक्चर बघून लोक सैतान जिंकला असं समजून बाहेर पडले, ब्लॅटीला त्याचा आयुष्यभर त्रास झाला. पुस्तकात कॅरसचा मित्र फादर डायर रस्त्यावर मरत पडलेल्या कॅरसचा हात धरतो, पापांची क्षमा मागतोस का विचारतो, तो नुसती बोटं दाबतो. भुतापेक्षा तो हात महत्त्वाचा आहे. जाऊ दे.

पाचर
बोटं दाबतो ते जमलंय, तेवढं देतो तुम्हाला. ब्लॅटी मुळात विनोदी लेखक, पिंक पँथरवाला विनोदी पिक्चर 'अ शॉट इन द डार्क' त्यानेच दुसऱ्यासोबत मिळून लिहिलेला, टायमिंग येणारच. पण त्याने जाहिरात चांगली आहे एवढंच सिद्ध होतं.

नगरी_खवचट
म्हणजे दोघांचं जमलं. आता वसईकरांनी बिशपचं उत्तर द्यावं, रात्रीचे साडेबारा वाजले.

उत्तर_वसई
चुकलं त्या बिशपचं, काय करू, वसईला मोर्चा काढू? 1999 ला नवा विधी आला त्यात आधी वैद्यकीय तपासणीवर जोर आहे, तेवढं तरी धरा. ताई, मावशी कशा आहेत आता?

गोळी_वेळेवर
बरी आहे. गोळ्या घेते, मी समोर उभी राहून देते. आणि त्याच सभेला जाते दर शुक्रवारी, तिथे म्हणतात प्रार्थनेनेच बरी झाली.