नव्या इमारतींवर प्राणी कोरायला हवेत का?

पागोळी
हल्लीच्या सार्वजनिक इमारती म्हणजे नुसती काच आणि पत्रा. लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम (१८८१) बघा. त्याचा वास्तुकार वॉटरहाऊसने भिंतींवर पश्चिमेच्या बाजूला आज हयात असलेले प्राणी घेतले आणि पूर्वेच्या बाजूला नामशेष झालेले. आत काय आहे ते भिंतीच सांगतात, तिकडे फलक वाचावा लागत नाही. वाचनालयं, स्थानकं, शाळा बांधताना खर्चाचा थोडा वाटा शिल्पांसाठी राखून ठेवायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

सरळरेघ
साफ असहमत. आधी हे प्राणी तिथे का बसवले ते बघा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फाटकावर सिंह आणि वाघ आहेत. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे भारत. जगभरच्या बँका आणि न्यायालयांच्या दारातले सिंहही लोकांवर दरारा बसवायलाच उभे केलेले.
दुसरं, सुरक्षितता. १९७९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एका इमारतीचा तुकडा डोक्यात पडून एक विद्यार्थिनी गेली. पुढच्याच वर्षी सहा मजल्यांहून उंच इमारतींच्या दर्शनी भागाची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचा कायदा आला. मग कित्येक मालकांनी दुरुस्ती करण्याऐवजी नक्षीच काढून टाकली. देखभाल करणार कोण, हे आधी ठरवा आणि मग कोरा.

पागोळी
दराऱ्याचं म्हणणं अर्धंच पटतं. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयाबाहेरचे दोन संगमरवरी सिंह १९११ पासून बसलेत. मंदीच्या काळात महापौर ला गार्डिया यांनी त्यांना ‘धीर’ आणि ‘जिद्द’ अशा अर्थाची नावं दिली. तीच नावं लोकांच्या तोंडी राहिली. बसवणाऱ्याचा हेतू काहीही असो, रोज समोरून जाणारे लोक त्या प्राण्याला आपलंसं करतात.

मातीकाम
दोघांचंही एक राहून जातंय. यातले काही प्राणी कामाचे असतात. जुन्या चर्चच्या कडेला तोंड वासून बसलेले प्राणी म्हणजे पन्हाळीच आहेत. छतावरचं पाणी त्यांच्या तोंडातून भिंतीपासून लांब पडतं, म्हणून दगडी सांधे टिकतात. उलट पॅरिसच्या नोत्र दामच्या सज्जातले ते प्रसिद्ध राक्षस १९व्या शतकातल्या डागडुजीत वास्तुकार व्हिओले-ल-द्युकने बसवले. पाण्याशी त्यांचा काही संबंध नाही, तरी लोक बघायला जातात ते त्यांनाच!
खर्चाचं म्हणाल तर वॉटरहाऊसचं काम टेराकोटात, म्हणजे भाजलेल्या मातीत आहे. एक साचा केला की तोच प्राणी हवा तितक्या वेळा काढता येतो.

सरळरेघ
साच्यातूनच तर सगळं बिघडतं. कॅटलॉगमधून मागवलेले फायबरचे हत्ती-घोडे कुठल्याही फाटकावर चिकटवले जातात आणि त्यांत एकाही प्राण्याकडे कुणी नीट पाहिलेलं नसतं. त्यापेक्षा कोरी भिंत परवडली.

उंबरा
साच्याला किंवा सिमेंटला दोष देऊ नका. कीव्हमधलं वास्तुकार गोरोदेत्स्कीचं घर (१९०१–०३) सिमेंटच्याच प्राण्यांनी भरलंय: हत्ती, गेंडे, बेडूक. तो स्वतः शिकारी होता, प्राणी जवळून पाहिलेला माणूस. त्याला एमिलिओ सालासारखा शिल्पकार मिळाला.
निविदेत शिल्पकाराचं नाव आणि देखभालीची रक्कम दोन्ही आधी लिहून घ्या. तेवढं झालं तर मी पागोळींच्या बाजूने.

सरळरेघ
शाळा आणि वाचनालयांपुरतं मान्य, तेही हात पोचेल इतक्याच उंचीवर. पदपथाच्या डोक्यावर मात्र एकही नको.

पागोळी
हात पोचेल त्या उंचीला माझी हरकत नाही. पण छताची पन्हाळ वरच लागणार, आणि ती मला तोंड वासलेलीच हवी.