झाडीपट्टीतून ऑपेरात जाता येते का?

प्रश्न: मी ब्रह्मपुरीकडची, दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकात गाते. युट्युबवर ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीत नाटक, पाहून राहिली आहो, त्यात करिअर होते का? वय २२. घरचे म्हणतात पोलीस भरती दे.

पोट्टा_भंडारा: पयले माइकची सवय सोडा. तिथं बाई अख्ख्या ऑर्केस्ट्रावरून बिनामाइक गाते, सारा खेळ श्वासाचा. मंडपात रात्रभर ताणतो तसा गळा ताणला त बसलाच समजा.

सूरवेडा: २२ म्हणजे उशीर नाई, तो आवाज पिकतेच तिशीकडं, पण इटालियन, जर्मन, फ्रेंचचे उच्चार पायजेत, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता आलं पायजे, अन् लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या गाण्याच्या परीक्षेच्या ८ ग्रेड असतात त्या देत राहा. मुंबईत एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्रात ऑपेरा होतात, एक तरी समोर बसून आयका. पोट भराचं म्हणाल त युरोपच.

वडसेकर: नाटकाचा सीझन सोडू नको वो बाई! रातभर पब्लिक बसवून ठेवणं कोणता क्लास शिकवते? परशुराम खुणेंना २०२३ ची पद्मश्री भेटली, झाडीपट्टीतूनच न.

प्रश्नवाली: सीझन नाई सोडत, पैसा तिथूनच येते. ग्रेडची तयारी ऑनलाइन जमते का, नेट इथं गच्चीवरच भेटते?